पिढ्यांमधले ऋण आणि वार्धक्याचा निर्वाह

हात थकल्यावर माणसाचा निर्वाह कोणी करायचा आणि कोणत्या नात्याने करायचा, हा धर्मशास्त्राचा जुना प्रश्न आज पेन्शनच्या रूपाने सरकारी अंदाजपत्रकात येऊन बसला आहे. हा निर्वाह ऋण म्हणून फेडायचा, दया म्हणून करायचा की घेणाऱ्याचा हक्क मानायचा, यावर प्रत्येक योजनेची आखणी ठरते. २०११च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढची माणसे १० कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. २०५०पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे जाईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जननदर एका स्त्रीमागे १.७ इतका आढळला. सांभाळणारे कमी होत आहेत आणि ज्यांना सांभाळायचे, ते अधिक वर्षे जगत आहेत.

वैदिक परंपरेने या नात्याला ऋण मानले. तैत्तिरीय संहितेत जन्माबरोबर येणारी तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषिऋण अध्ययनाने फिटते, देवऋण यज्ञाने आणि पितृऋण संततीने. यांतल्या पितृऋणाची रचना विलक्षण आहे. घेतले ते मागच्यांकडून, पण फेडायचे ते पुढच्यांना जन्म देऊन, वाढवून. देणाऱ्याला परत करून मोकळे होता येत नाही. साखळी पुढे चालू ठेवणे हीच फेड. शतपथ ब्राह्मण यात चौथे ऋण घालते, ते मनुष्यांचे. आश्रय आणि अन्न देऊन ते फेडायचे असते आणि त्यात रक्ताच्या नात्याची अट नाही. पितृऋणाचा उच्चार सतत होत राहिला आणि हे चौथे ऋण मागे पडले. आजच्या पेन्शनचा विचार करताना मात्र तेच अधिक उपयोगी पडते, कारण कर भरणारा तरुण ज्या म्हाताऱ्याला पोसतो, तो बहुधा त्याच्या ओळखीचाही नसतो.

स्मृतींनी दोन्ही बाजूंना कर्तव्ये लावली. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड दिसले, की गृहस्थाने वानप्रस्थ घ्यावे, असे मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो. वृद्धाने आपल्या गरजा आणि अधिकार दोन्ही आवरते घ्यावेत, हा त्यामागचा अर्थ. दुसरीकडे, वृद्ध आईबापांचे पोषण न करण्यायोग्य कामे करूनही केले पाहिजे, असे मनूच्या नावे सांगितले जाते. इतके निरपवाद कर्तव्य धर्मशास्त्रात क्वचितच सापडते. पण वानप्रस्थाची कल्पना ज्याच्याकडे सोडून देण्याजोगे काही आहे, अशा द्विज पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याने काय सोडायचे आणि कोणाच्या हवाली करायचे, याचे उत्तर तिथे मिळत नाही.

आधुनिक राज्याने हे कर्तव्य कुटुंबाबाहेर नेले. जर्मनीत बिस्मार्कच्या पुढाकाराने १८८९ साली कामगारांसाठी वृद्धापकाळ विम्याचा कायदा झाला; वयाची अट सत्तर वर्षांची होती. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा योजनेची पहिली मासिक रक्कम जानेवारी १९४०मध्ये आयडा मे फुलर या निवृत्त महिलेला मिळाली. तीन वर्षांत तिने भरले होते २४.७५ डॉलर. ती शंभर वर्षांची होऊन १९७५ साली वारली, तोवर तिला २२ हजारांहून अधिक डॉलर मिळाले होते. हे पैसे तिच्या बचतीचे नव्हते, तर त्या त्या वर्षी राबणाऱ्यांचे होते. म्हणून या व्यवस्थेला फसवी साखळी म्हणणारे टीकाकार आहेत. त्यांचे म्हणणे टिकत नाही. फसव्या योजनेला नवे गिऱ्हाईक मिळेनासे होते. समाजात नवी पिढी येतच राहते. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९५८च्या निबंधात दाखवले, की तरुणांनी वृद्धांना द्यावे आणि पुढे आपण पुढच्या तरुणांकडून घ्यावे, हा व्यवहार कोणत्याही दोन पिढ्यांमधल्या सरळ देवाणघेवाणीने साधत नाही. त्यासाठी सर्व पिढ्यांना बांधणारा करार लागतो. पितृऋणाचा हाच आकार आहे, फक्त दिशा उलटी.

याविरुद्ध दुसरा विचार स्वावलंबनाचा. प्रत्येकाने कमावत्या वयात साठवावे, म्हातारपणी तेच खावे आणि कोणाचे मिंधे होऊ नये. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी अंशदानावर आधारलेली योजना आणली, ती याच दिशेने. जुन्या पेन्शनसाठी राज्यातल्या कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३मध्ये संप केला. पुढे केंद्राने २०२४ साली एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली; तीत २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. वादात एका बाजूला खर्चाचा बोजा होता, दुसऱ्या बाजूला बाजाराची धास्ती, आणि दोन्ही खऱ्या होत्या.

पण स्वावलंबनाच्या विचारात एक मूलभूत गैरसमज आहे. पैसा साठवता येतो, म्हातारपण नुसत्या पैशावर निघत नाही. तीस वर्षांनंतर लागणारी भाकरी आज थापून ठेवता येत नाही. तेव्हाच्या परिचारिकेची रात्रपाळी आज विकत घेऊन ठेवता येत नाही. निवृत्ताच्या खात्यात जे असते, तो भविष्यातल्या कष्टकऱ्यांच्या उत्पादनावरचा दावा असतो. पेन्शन करातून येवो, भविष्य निर्वाह निधीतून येवो की शेअर विकून, वृद्धाच्या ताटात पडणारा घास त्याच वर्षी कोणीतरी पिकवलेला असतो. बचतीतून कारखाने, धरणे, रुग्णालये उभी राहिली तर पुढच्या पिढीचे उत्पादन वाढते, हे बचतीचे खरे मोल. मात्र ‘मी माझेच खातो’ असे कोणत्याही निवृत्ताला अक्षरशः म्हणता येत नाही. परावलंबन अटळ आहे. त्याचे स्वरूप काय असावे, एवढेच माणसाच्या हाती आहे.

या दाव्याला मर्यादा कोणती, हे विचारायला महाभारतातली ययातीची कथा उपयोगी पडते. अकाली आलेले वार्धक्य त्याने मुलांपुढे केले. चौघांनी नाकारले, धाकट्या पुरूने स्वीकारले आणि आपले तारुण्य दिले. नाकारणाऱ्यांना बापाने शाप दिले, म्हणजे पुरूच्या होकारावरही दडपण होतेच. तरी त्याला निदान विचारले गेले होते. आजच्या पेन्शनची आश्वासने ज्यांच्या कमाईवर दिली जातात, त्यांतले कित्येक अजून जन्मलेले नाहीत. त्यांची संमती घेता येत नसेल, तर आपण त्यांच्या जागी असतो तर हे ओझे न्याय्य मानले असते का, ही कसोटी लावणे भाग आहे. निवृत्तीचे वय वाढवण्याचा प्रश्नही याच कसोटीवर तपासावा लागतो. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला पासष्टी सोपी असते. डोक्यावर विटा वाहणाऱ्याचे शरीर त्याच्या कितीतरी आधी संपलेले असते.

हक्काची भाषा भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८२च्या नकारा खटल्यात ठामपणे मांडली: पेन्शन हे बक्षीस नाही, मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. सरकारी कर्मचाऱ्याला यातून प्रतिष्ठा मिळाली. ज्यांच्या कामाची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्यांना मात्र हे तत्त्व लावले जात नाही. दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते ७९ वयाच्या वृद्धाला केंद्राकडून महिना २०० रुपये मिळतात. महाराष्ट्र त्यात श्रावणबाळ योजनेतून भर घालतो. तरीही त्या रकमेत औषधे आणि किराणा एकाच महिन्यात बसत नाहीत. २००७च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो, पण मुलेच मजुरीवर जगत असतील तर न्यायाधिकरण तरी काय देणार?

कामाची व्याख्याच इथे अपुरी आहे. जिने चार मुले वाढवली, सासूसासऱ्यांचे केले, शेतात खुरपणी केली, तिने पेन्शनव्यवस्थेतले सर्वांत मोठे अंशदान भरलेले असते, कारण उद्याचे कर भरणारे तिनेच घडवले. जर्मनीने हे अंशतः मान्य केले आहे: १९९२पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे संगोपन करणाऱ्या पालकाच्या पेन्शन खात्यात तीन वर्षे धरली जातात. भारतीय संविधानाच्या ४१व्या अनुच्छेदाने वार्धक्यात साहाय्य मिळण्याचा अधिकार राज्याच्या निर्देशक तत्त्वांत ठेवला आहे, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, आणि न्यायालयातून तो बजावून घेता येत नाही. कर्मचाऱ्याच्या पेन्शनला लाभलेले न्यायालयाचे संरक्षण या स्त्रीच्या म्हातारपणालाही मिळावे, यासाठी वेगळे तत्त्व शोधावे लागत नाही. सेवेचा मोबदला हे नकारा खटल्यातलेच तत्त्व तिच्या कष्टांनाही तंतोतंत लागू पडते.