उपेक्षित म्हणून नको, चांगलं म्हणून ऐक

चि. मुक्ता हिस,


फोन तीच ती गाणी पुढे करतो, त्याचा कंटाळा आला आहे, फारसे कुणी न ऐकलेले अल्बम सांग, कुठल्याही प्रकारचे चालतील, असं तू लिहिलं आहेस. सांगते. पण नुसत्या नावांची यादी पाठवून मोकळी होणार नाही. यादी कुणीही देईल. कसं ऐकायचं तेही लिहिणार आहे, कारण तुझ्या वयात कानाला जी सवय लागते ती जन्मभर टिकते.

आधी एका गोष्टीपासून सावध करते. विस्मरणात गेलेल्या रेकॉर्ड्सभोवती हल्ली कहाण्यांचं मोठं वलय तयार होतं. कुणी विचारलं नाही म्हणून कलावंताने गाणं सोडलं, टेप्स माळ्यावर पडून राहिल्या, चाळीस वर्षांनी जगाला जाग आली. या कहाण्या बहुतेक वेळा खऱ्या असतात. पण त्या आधी वाचल्या की आपण दया म्हणून ऐकतो आणि दयेने ऐकलेलं गाणं नीट कानात शिरत नाही. कोलकात्याच्या रूपा बिस्वास यांचा ‘डिस्को जॅझ’ घे. कॅनडातल्या कॅलगरीत ध्वनिमुद्रित झालेला, १९८२ सालचा, चारच गाण्यांचा अल्बम. निघाला आणि विसरला गेला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने तो पुन्हा काढला आणि इंटरनेटवर गाजला. कहाणी सुरेख आहे, गाणी मला साधारण वाटतात. ऐकायचाच तर आशिष खाँ यांच्या सरोदसाठी ऐक. उपेक्षा झाली एवढ्याने कुठलीही कलाकृती थोर होत नाही. म्हणून आधी रेकॉर्ड ऐक, मत बनव, मग कहाणी वाच. मी मात्र खाली दोन्ही एकत्रच लिहिते आहे, कारण उपेक्षा का झाली हे कळलं तर पुढची रेकॉर्ड तुझी तुलाच शोधता येईल.

सुरुवात ‘हम दोनो’पासून कर. देव आनंदचा चित्रपट नव्हे. १९६९ साली इंग्लंडमध्ये निघालेली ही दोन वादकांची जॅझची एलपी. दोघांपैकी एक जो हॅरियट, जमैकातल्या किंग्स्टनचा, आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा. १९५१ मध्ये तो इंग्लंडला आला आणि ठरलेल्या चौकटीबाहेर जाऊन मुक्तपणे वाजवण्याचे प्रयोग तिथे त्याने फार लवकर केले. १९७३ मध्ये तो गेला तेव्हा पंचेचाळीसचाही नव्हता आणि गाठीला पैसा नव्हता. दुसरा अमान्सिओ डिसिल्वा, मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या कुटुंबातला गिटारवादक. आपल्या हिंदी चित्रपटसंगीतात त्या काळी ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन वाजवणारे, संगीतकाराची चाल नोटेशनमध्ये उतरवून साऱ्या वाद्यवृंदाला बांधून देणारे कितीतरी जण गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. गाणी घराघरात पोचली, पण तबकडीवर या मंडळींचं नाव क्वचितच असे. डिसिल्वा त्याच मातीतला, पण तो लंडनला गेला आणि तिथे त्याचं नाव मुखपृष्ठावर आलं.

या एलपीवर ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची रचना आहे. तिच्यावर थोडा वेळ काढ. गोव्याचं नाव आलं म्हणून मांडो किंवा दुलपद ही तिकडची गाणी शोधू नकोस, तसलं काही त्यात नाही. गिटार कशी चालते ते बघ. एका स्वराभोवती घुटमळत, हलकेच तिथून सुटत, पुन्हा तिथेच येत. आपल्या कानाला ही चाल ओळखीची आहे, फक्त ती तंबोऱ्याच्या जागी बास आणि ड्रम्सवर उभी आहे. हॅरियटचा सॅक्सोफोन याच्या उलट, तीक्ष्ण, थेट, जरा जखमी. रेकॉर्डवर नॉर्मा विन्स्टन ही गायिका आहे, ती शब्द न घेता नुसत्या आवाजाने वाद्यांत मिसळते. इयन कारचा ट्रम्पेट आहे. कुणी कुणाची नक्कल करत नाही. फ्यूजन म्हणून नंतर आपल्याकडे जे आलं त्यातल्या पुष्कळशा गोष्टींत सतार आणि गिटार एकमेकांना टाळ्या देत बसतात. इथे ते नाही, म्हणून मला ही रेकॉर्ड त्या सगळ्यांहून मोठी वाटते.

मग ती मागे का पडली? दुकानदाराला ती कुठल्या फळीवर ठेवायची तेच कळेना. जॅझवाल्यांना ती पुरेशी जॅझ वाटली नाही, भारतीय संगीत ऐकणाऱ्यांपर्यंत ती पोचलीच नाही. प्रती थोड्या निघाल्या, त्या संग्राहकांच्या कपाटात गेल्या आणि रेकॉर्ड ऐकण्याची न राहता विकत घेण्याची वस्तू झाली. आता ती सहज मिळते. त्याच वर्षीची डिसिल्वाची ‘इंटिग्रेशन’ही घे, तिच्यात ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ आहे. आणि हॅरियट आवडला तर कोलकात्यात जन्मलेल्या जॉन मेयरबरोबर त्याने १९६६ मध्ये केलेली ‘इंडो-जॅझ सूट’ ऐक. एका रेकॉर्डवरून दुसरीकडे जायचा माझा रस्ता नेहमी हाच असतो: गाण्याचा प्रकार धरून जायचं नाही, वादकाचं नाव धरून जायचं. फोन तुला ‘याच्यासारखं आणखी’ देतो. वादक तुला कुठल्या कुठे नेतो.

दुसरी रेकॉर्ड मुंबईचीच. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ केली. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग, आणि साथीला तीन जपानी यंत्रं. त्यातलं एक रोलँड कंपनीचं टीबी-३०३. बास गिटारवाला नसेल तेव्हा गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. खऱ्या बाससारखं ते मुळीच वाजत नसे, म्हणून खपलं नाही आणि थोड्याच वर्षांत कंपनीने ते बंद केलं. पण त्यात एक सोय होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर ते घसरत जाऊ शकत होतं. आपल्याकडच्या माणसाच्या हाती असं यंत्र आल्यावर त्याला मींड आठवणार नाही तर काय?

‘ललित’ लाव. दोन्ही मध्यम लागोपाठ लागतात आणि पंचम नाही, त्यामुळे या रागात एक अस्वस्थपणा मुळातच आहे. खाली ठेका क्षणभरही न हलता धडधडतो आहे, बास त्याच स्वरांत वर्तुळं काढतो आहे, आणि वर चरणजित सिंग शांतपणे सुरावट मांडत आहेत. आलापाला वेळ नाही, समेवर येण्याचं सुख नाही, राग जवळजवळ सांगाड्यासारखा उभा आहे. ज्यांना ख्यालाची सवय आहे त्यांना हे कोरडं वाटेल, तुलाही पहिल्यांदा वाटेल. दुसऱ्यांदा ऐकताना ठेक्याकडे लक्ष देऊ नकोस, बासकडे दे.

पुढे शिकागोतल्या तरुणांनी सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळणारी हीच यंत्रं घेतली आणि १९८७ मध्ये ‘फ्यूचर’ या गटाच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’पासून अ‍ॅसिड हाउस नावाचा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार रूढ झाला. मुंबईची रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीच्या दुकानात सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि ‘अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला’ असं लोक म्हणू लागले. हे म्हणू नकोस. शिकागोच्या मुलांनी ही रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. एकाच यंत्रातून दोन ठिकाणी दोन माणसांना साधारण सारखं काही सुचलं, आणि एवढंच पुरेसं थोर आहे. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले. त्याआधी युरोपातल्या तरुण श्रोत्यांपुढे ही रेकॉर्ड वाजवायची संधी त्यांना मिळाली, याचं मला फार बरं वाटतं.

तिसरी अ‍ॅलिस कोल्ट्रेनची. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्तीत वाढलेली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मुलगी. पुढे जॅझची पियानोवादक, हार्पवादक. जॉन कोल्ट्रेनची पत्नी. १९६७ मध्ये तो गेला. ती हळूहळू वेदान्त आणि भक्तीकडे वळली आणि कॅलिफोर्नियात आश्रम चालवू लागली. १९८२ मध्ये ‘तुरिया सिंग्ज’ नावाची कॅसेट तिने साधकांसाठी काढली. बाजारासाठी ती नव्हतीच, त्यामुळे तिची उपेक्षा झाली असंही म्हणता येत नाही. त्या कॅसेटवर सिंथेसायझर आणि तंतुवाद्यं आहेत. २०२१ मध्ये तिच्या मुलाने, रवी कोल्ट्रेनने, तीच भजनं फक्त आवाज आणि ऑर्गन ठेवून ‘कीर्तन: तुरिया सिंग्ज’ म्हणून प्रसिद्ध केली. तू ही घे.

आपण भजन म्हटलं की टाळ-मृदंग, चढत जाणारी लय, गजर हे डोळ्यांपुढे आणतो. इथे ठेका नाहीच. आवाज खालच्या पट्टीतला, जवळजवळ पुरुषी, अगदी सावकाश. शब्द आपल्या ओळखीचे, राम, कृष्ण, गोविंद; पण स्वरांची वळणं चर्चची. उच्चार अमेरिकन आहेत, ते तुला आधी खटकतील. खटकू देत. थोड्या वेळाने लक्षात येईल की ही बाई भारतीय गायिका होऊ पाहत नाही, तिच्या लहानपणी देवाला हाक मारायची जी रीत होती त्याच रीतीने ती विठ्ठलाच्या भाऊबंदांना हाक मारते आहे. वारकरी घरातल्या पोरीला हे मी सांगायला नको.

आता भराभर. वाश्ती बन्यन या इंग्रज गायिकेचा ‘जस्ट अनदर डायमंड डे’, १९७० चा. घोडागाडीतून स्कॉटलंडच्या बेटांकडे केलेल्या लांबलचक प्रवासात सुचलेली साधी गाणी. खपली नाहीत, तिने गाणं सोडलं, आणि पुढचा अल्बम आला तो २००५ मध्ये. पहाटे ऐक. जपानच्या हिरोशी योशिमुराचा १९८२ चा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्‌स’: कीबोर्डवरचे नऊ छोटे तुकडे, टोकियोतल्या एका संग्रहालयात वाजवले जात. अभ्यासाच्या वेळी लावायला लोक तो घेतात. त्या कामासाठी तो वाया घालवू नकोस. आणि अगदी दुसऱ्या टोकाचा, डेट्रॉइटच्या तीन हॅकनी बंधूंचा ‘डेथ’ हा गट. १९७५ मध्ये पंक रॉक म्हणतात तसलं काही त्यांनी ध्वनिमुद्रित केलं. गटाचं नाव बदला म्हणून कंपनीने सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, रेकॉर्ड पडून राहिली आणि २००९ मध्ये निघाली. सात गाणी, अर्ध्या तासाच्या आत संपतात. मोठ्या आवाजात ऐक, शेजाऱ्यांची वेळ बघून.

आपल्याकडचं म्हणशील तर दोन गोष्टी. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं सगळे ऐकतात. त्यांची ‘गीत वर्षा’ फार कमी जण पूर्ण ऐकतात. पावसाची वाट पाहण्यापासून पाऊस येऊन जाईपर्यंत बंदिशी आणि लोकगीतं एका सूत्रात ओवलेली आहेत, माळव्याची लोकधून कुठे संपते आणि राग कुठे सुरू होतो ते कळत नाही. ती मधूनच लावायची नाही. आणि झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा. आपल्या पनवेलजवळ पळस्पे इथे त्यांनी गुरुकुल उभारलं; १९९० मध्ये ते गेले. वीणेचे भोपळे मोठे करून त्यांनी तिचा खर्ज आणखी खोल केला. त्यांचा यमन ऐक. संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी बसायचं आणि राग निषादापाशी किती वेळ थांबतो ते पाहायचं. इतक्या संथ यमनाला आज सभागृहात धीर धरणारे श्रोते थोडे, आणि म्हणूनच ही वीणा मागे राहिली. दोष वीणेचा नाही.

ऐकण्याबद्दल मुद्द्याचं तेवढं लिहिते. अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दिलेल्या क्रमाने ऐकायचा. तो क्रम कुणीतरी विचार करून लावलेला असतो. एका आठवड्याला एकच घ्यायचा. पहिल्या ऐकण्यात निकाल द्यायचा नाही. स्वयंपाक करताना, बसमध्ये, काम करताना जे ऐकतेस ते ऐकत राहा, त्यात वाईट काही नाही, पण त्यावरून ‘आवडलं नाही’ म्हणू नकोस. आणि चोरबाजारात किंवा कुणाच्या घरी रद्दीत जुन्या कॅसेटी, एलपी दिसल्या तर मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. वर लिहिलेल्यातल्या काही रेकॉर्ड्स कुठल्या तरी एका माणसाने असं अक्षर वाचलं म्हणून आज ऐकायला मिळतात.

या आठवड्यात ‘हम दोनो’ ऐक आणि मला लिही. आवडली तर छानच. नाही आवडली तर कुठल्या जागी मन उडालं ते नेमकं लिही, म्हणजे पुढची कुठली सुचवायची ते मला ठरवता येईल.

तुझी,
आत्या