पाठीमागचा कारभारी

वाचकहो, चित्रपटगृहात बसल्यावर आपण एकदा तरी मागे वळून पाहिले आहे काय? भिंतीतील ज्या चौकोनी झरोक्यातून प्रकाशाचा झोत येतो, तेथे पूर्वी एक मनुष्य असे. चित्र अंधुक झाले, आवाज तुटला, म्हणजे प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडत. सारे सुरळीत चालले तर तो आहे याचे कोणाला भानही नसे. जे दाखविले जाते ते त्याने निर्माण केलेले नाही, निवडलेलेही नाही. मग त्याची नैतिक जबाबदारी किती? तो यंत्राचा एक भाग म्हणावयाचा, की कारभारी?

आधी त्याचे काम पाहू. पस्तीस मिलिमीटरची फीत सेकंदाला 24 चित्रे या वेगाने धावे. प्रत्येक चित्र क्षणभर थांबे, आणि ते सरकत असताना झडप प्रकाश अडवून धरी. म्हणजे खेळाचा बराच वेळ आपण काळ्या पडद्यासमोर बसलेलो असू. आपल्याला ते कळत नसे, इतकेच. 2000 फुटांचे रीळ सुमारे 22 मिनिटांत संपे. संपण्यापूर्वी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जाई, काही सेकंदांनी दुसरा. त्या खुणेवर शेजारचे यंत्र चालू करून झोत बदलावयाचा. जुन्या यंत्रांत कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये प्रखर ज्योत पेटे. कांड्या जळून आखूड होत, म्हणून त्यांच्यामधील अंतर जपावे लागे. आमच्या जबलपूरच्या विजय नगरात राहणारे एक निवृत्त ऑपरेटर मला म्हणाले, हजारो खेळ केले, पण एकही चित्रपट सलग पाहिला नाही. त्यांचे लक्ष कथेकडे नसे, चित्राच्या कडा स्पष्ट आहेत की नाहीत, याकडे असे.

दादासाहेब फाळके यांनी मुंबईच्या एका चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि तेथेच आपल्या देवदेवतांची चित्रे पडद्यावर आणण्याची ओढ त्यांना लागली. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्या खेळाला यंत्राचा दांडा कोणाच्या हाती होता, असे कोणी विचारीत नाही. विचारू नये, हेच त्या कामाचे यश होते.

हे मला जवळचे वाटते, कारण अनुवादकाचेही तसेच आहे. 137 व्या स्तोत्राचा शेवट मराठीत आणताना हात अडखळतो. बंदिवासात पिचलेल्या लोकांनी शत्रूच्या बालकांविषयी काढलेले ते उद्गार थोडे सौम्य करावेत, असा मोह होतो. परंतु तो अधिकार मला नाही. वाचकाला स्तोत्रकर्त्यास भेटावयाचे आहे, माझ्या सभ्यपणास नव्हे.

तर मग जे हाती आले ते जसेच्या तसे पुढे करणे, एवढाच विश्वासूपणा काय? येथे प्रश्न अवघड होतो. खेळ वेळेत बसावा म्हणून एखादे गाणे कापावयास मालक सांगत. काही ठिकाणी सकाळच्या खेळात मंजूर नसलेले तुकडे जोडले जात. प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटात फेरफार करून तो दाखविणे 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने गुन्हा आहे. पण कात्री ऑपरेटरच्या हाती, आणि त्याचे पोट मालकाच्या हाती. अशा वेळी नकार देणाऱ्यांची नोंद कोठे राहत नाही.

आता तो मोहच उरलेला नाही. मल्टिप्लेक्समध्ये चित्रपट येतो तो कुलूपबंद, आणि त्याची सांकेतिक किल्ली ठराविक यंत्रावर, ठराविक दिवसच चालते. वेळापत्रक संगणकात भरलेले असते. दिवे आपोआप मंदावतात, खेळ आपोआप सुरू होतो. कापता येत नाही, जोडता येत नाही. चुकण्याची वाट बंद झाली म्हणून मनुष्य विश्वासू झाला, असे मात्र मला म्हणवत नाही. तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे नाही, त्याचा प्रामाणिकपणा पारखावयाचा कसा?

परंतु ऑपरेटरच्या हवाली केलेली वस्तू केवळ फीत होती काय? भारतातील पहिले मल्टिप्लेक्स 1997 साली दिल्लीच्या साकेतमध्ये उघडले. त्याच वर्षी, त्याच शहरात, 13 जून रोजी ‘उपहार’ चित्रपटगृहाच्या तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. वर ‘बॉर्डर’चा खेळ चालू होता. धूर बाल्कनीत भरला. जास्तीच्या खुर्च्यांनी वाट अडलेली, एक दार बंद, आणि प्रेक्षकांना वेळीच सावध करणारी घोषणा झाली नाही. 59 माणसे मृत्युमुखी पडली. न्यायालयांत पुढे अनेक वर्षे दोष कोणाचा, याची चर्चा झाली. मला त्यातील एकच गोष्ट येथे मांडावयाची आहे. अंधारात बसलेले शेकडो लोक समोर पाहत असतात. त्यांच्यावर काय येत आहे ते त्यांना दिसत नाही. कोणीतरी त्यांच्याकडे पाहत आहे, या न बोललेल्या भरवशावर ते पाठ फिरवून बसतात. झरोक्यातून पडदा दिसे, तशी या लोकांची डोकीही दिसत.

धूर ओळखणारी उपकरणे आता बसविलेली असतात, आणि ती असावीत. पण पायऱ्यांवर तोल गेलेली आजी, छातीला हात लावून खुर्चीत वाकलेला गृहस्थ, आईचा हात सुटलेले मूल यांची खबर ती देत नाहीत. खेळ ठरल्या वेळेपर्यंत चालू राहतो.

अलीकडे एका मल्टिप्लेक्समध्ये तिकीट पाहणाऱ्या मुलाला मी विचारले, खेळ चालू असताना आत लक्ष द्यावयास कोण असते? तो जरा गोंधळला. मग म्हणाला, मीच असतो. पण माझ्याकडे आणखी तीन पडदे आहेत.