गंजलेलें मळसूत्र

भोर व वेल्हें या भागांत आषाढ-श्रावणाचा पाऊस कसा कोसळतो, हें आपणांस सांगावयास नको. चार महिने पडवींत पडलेल्या जुन्या लोखंडी रंध्याचें मळसूत्र पुढें पेचकसाला हालत नाहीं, तेव्हां आपण काय करितों? सारें बळ एकवटून पिळतों. मग खांच झिजते, अथवा माथें तुटून हातीं येतें.

गंज ज्या लोखंडापासून होतो, त्याहून अधिक जागा व्यापितो. तो आट्यांमधील फट ठासून भरतो, म्हणून तेथें बळ चालत नाहीं. खांच खिळ्याच्या टोकानें कोरून स्वच्छ करावी, माथ्याभोंवतीं रॉकेलाचे दोनचार थेंब सोडावे, तें आंत मुरावें म्हणून हलकेच ठोकावें, आणि रात्रभर थांबावें. (विस्तव जवळ आणूं नये, हें सांगितलेलें बरें.) मग खांचेंत नेमका बसेल असा पेचकस घेऊन आधीं किंचित् आवळावें, नंतर उलट फिरवावें. न हाललें तर पुन्हां रॉकेल, आणि आणखी एक रात्र.

उपदेशकाच्या १० व्या अध्यायांत बोथट हत्याराचा दृष्टांत आहे. तेथें जोरापेक्षां शहाणपणाची महती सांगितली आहे. ज्या भावाशीं वर्षानुवर्षें बोलणें तुटलें आहे, त्याच्या दारीं आपण पहिल्याच दिवशीं बांधाचा वाद घेऊन जातों. हें कोरडें मळसूत्र पिळणेंच नव्हे काय? त्यापेक्षां त्याच्या ओसरीवर नुसतें बसावें, भाताची आवणी कशी झाली तें विचारावें, आणि उठावें. बांधाची गोष्ट त्या दिवशीं काढूं नये. दुसऱ्या खेपेसही नको.