दुखणे मानावे लागते

आई गुडघा धरून बसली की मी म्हणे, "एक्स-रेत तर काही नाही!" पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांच्या संशोधनाविषयी वाचले आणि खजील झालो. १९६५ मध्ये पॅट्रिक वॉल यांच्यासह त्यांनी मांडले, की वेदनेच्या वाटेवर मज्जारज्जूत जणू एक दार असते. मेंदूही ते उघडतो, लोटतो. म्हणजे जखम तेवढी वेदना, हा हिशेब खोटा! १९७५ मध्ये तर वेदना मोजण्यासाठी त्यांनी रुग्णापुढे शब्दच ठेवले. आईजवळ ते होतेच: ठणका, कळ, भगभग. मीच कधी विचारले नव्हते. दुसऱ्याची वेदना दिसत नसते. ती मानावी लागते. यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे तिच्या गुडघ्याला तेल चोळताना विचारले, "कसं दुखतं गं?" चहा निवेपर्यंत ती सांगत होती.