शत्रूच्या देशातला गोलकीपर



५ मे १९५६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडच्या एफ. ए. कप स्पर्धेचा अंतिम सामना झाला. मँचेस्टर सिटीने बर्मिंगहॅम सिटीला ३-१ असे हरवले. आपल्या धर्मग्रामातील फुटबॉलवेड्या तरुणांना मँचेस्टर सिटी हे नाव चांगलेच परिचयाचे आहे. मात्र त्या दिवशी सिटीचा गोल राखणाऱ्या बर्ट ट्राउटमनची कहाणी सर्वांना ठाऊक असेलच असे नाही.

सामना संपायला सुमारे १७ मिनिटे उरली होती. बर्मिंगहॅमचा पीटर मर्फी गोलच्या दिशेने धावत आला. ट्राउटमनने चेंडूसाठी त्याच्या पायांत झेप घेतली आणि मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर आदळला. त्या काळी बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. वेदनेने कळवळत, मान हाताने सावरत तो शेवटच्या शिट्टीपर्यंत गोलमध्ये उभा राहिला. काही दिवसांनी एक्स-रे काढला, तेव्हा त्याची मान मोडली असल्याचे कळले!

या धैर्याचे जगभर कौतुक झाले. परंतु त्याला त्या मैदानावर उभे राहता आले, ते सात वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका माणसाने दाखवलेल्या धैर्यामुळे. आज आपण त्याचा विचार करू या.

ट्राउटमन जर्मन होता. त्याचा जन्म १९२३ साली ब्रेमेन शहरात झाला. लहानपणी तो हिटलरच्या युवक संघटनेत होता. पुढे पॅराशूट दलातला सैनिक म्हणून तो लढला. १९४५ साली इंग्रजांच्या हाती सापडून तो युद्धकैदी म्हणून लँकाशायर परगण्यातील छावणीत आला. १९४८ साली मायदेशी परतण्याची संधी असतानाही तो इंग्लंडमध्येच राहिला व एका छोट्या संघातून खेळू लागला. १९४९ साली मँचेस्टर सिटीने त्याला करारबद्ध केले, तेव्हा एकच गदारोळ उडाला. सुमारे २०,००० लोक निषेधासाठी रस्त्यावर आले.

त्या लोकांना नावे ठेवण्याची घाई आपण करू नये. १९४० साली ऐन नाताळच्या तोंडावर जर्मन विमानांनी मँचेस्टरवर बॉम्ब टाकले होते. कित्येक घरांतली कर्ती मुले युद्धावरून परतली नव्हती. त्यांचा राग खोटा नव्हता.

अशा वेळी अलेक्झांडर आल्टमन यांनी वर्तमानपत्रात एक खुले पत्र लिहिले. ते मँचेस्टरच्या यहुदी समाजाचे रब्बी होते. नाझींच्या जाचामुळे १९३८ साली त्यांनी जर्मनी सोडली होती. त्यांचे वडील आउशवित्झच्या छळछावणीत मारले गेले होते. जर्मन माणसाचा द्वेष करण्याचा हक्क कोणाला असेल, तर तो त्यांना होता. तरीही त्यांनी लिहिले, की जर्मनांनी केलेल्या गुन्ह्यांची शिक्षा एका माणसाच्या माथी मारणे योग्य नाही. प्रत्येकाचा विचार ज्याच्या त्याच्या गुणदोषांवरून व्हावा. त्या शब्दांनी वातावरण निवळू लागले. संघाचा कप्तान एरिक वेस्टवूड स्वतः नॉर्मंडीत जर्मनांशी लढलेला होता. त्यानेही ट्राउटमनचे संघात स्वागत केले.

रब्बींनी गुन्ह्यांवर पांघरूण घातले नाही. जे घडले ते विसरा, असेही ते म्हणाले नाहीत. सर्वांचे पाप एकाच्या डोक्यावर लादू नका, एवढेच त्यांनी सांगितले. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायातही हीच शिकवण आहे: बापाच्या अपराधाचा भार मुलाने वाहायचा नाही. आणि संत योहानाच्या शुभवर्तमानात नथनेल केवळ गावाच्या नावावरून येशूला मोडीत काढू पाहतो, तेव्हा फिलिप वाद घालत बसत नाही. स्वतः येऊन पाहा, असे तो त्याला सांगतो. नथनेल गेला, म्हणूनच त्याला तारणारा भेटला.

आता आपल्याकडे वळू या. खोली भाड्याने मागायला कोणी आला, तर आपण प्रथम काय विचारतो? माणूस कसा आहे हे, की त्याचा प्रांत आणि आडनाव? एखाद्या घरातला बाप तुरुंगात गेला असेल, तर त्याच्या मुलीच्या सोयरिकीची गोष्ट निघताच आपण मान फिरवतो का? आजोबांच्या काळातील बांधाच्या भांडणावरून नातवंडे आजही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, अशी कुटुंबे आपल्यातही असतील. आणि मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देताना आपला हात नेमका कोणापाशी थांबतो?

पहिला शब्द कोणी बोलायचा, यावर सारे अडते. अपराध करणारा तो क्वचितच बोलू शकतो. ज्याला जखम झाली आहे, त्याने तो उच्चारला तर इतरांनाही वाट सापडते. क्रुसावरून आपल्या प्रभूने नेमके हेच केले.

ट्राउटमन १९६४ पर्यंत सिटीसाठी ५४५ सामने खेळला. २००४ साली ब्रिटनने त्याला मानाचा किताब दिला. २०१३ साली तो वारला.

या आठवड्यात प्रत्येकाने एका माणसाचे नाव मनात आणावे, ज्याला आपण कधी नीट भेटलोच नाही आणि तरी नाकारले आहे. त्याच्या घरी जावे, निदान वाटेत थांबून दोन शब्द बोलावेत. हे धैर्य प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.