रत्नाचे मूळ आणि माणसाचे मोल

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपली म्हण सांगते. रत्नाच्या बाबतीत मात्र व्यवहार नेमके उलटे सांगतो: मूळ विचारल्यावाचून खडा घेऊ नये. एकाच समाजाने जपलेल्या या दोन शिकवणींत विरोध आहे की मेळ, हा प्रश्न वरवर पाहता सराफाच्या पेढीवरचा वाटेल. परंतु थोडे खोल गेले की तो माणसाच्या प्रतिष्ठेपाशी जाऊन थांबतो. एका विलक्षण रत्नाच्या आधारे त्याचा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे. त्या रत्नाचे नाव अलेक्झांड्राइट.

रशियातील उरल पर्वतात, एकातेरिनबुर्ग शहराच्या परिसरातील पाचूच्या खाणींत, 1830 च्या दशकात हे रत्न प्रथम ओळखले गेले. फिनलंडचे खनिजशास्त्रज्ञ नील्स गुस्ताफ नॉर्डेनशल्ड यांचे नाव या शोधाशी जोडलेले आहे. रत्नाला नाव मिळाले ते रशियाच्या युवराजाचे. हाच युवराज पुढे झार अलेक्झांडर दुसरा झाला, त्याने 1861 मध्ये आपल्या साम्राज्यातील भूदासांना मुक्त केले आणि 1881 मध्ये तो मारेकऱ्यांच्या बाँबला बळी पडला. दिवसाच्या प्रकाशात हे रत्न हिरवे दिसते, दिव्याच्या उजेडात तांबडे. कुळाने ते क्रायसोबेरिल या खनिजातले. आपल्याकडे नवरत्नांच्या अंगठीत केतूसाठी बसवला जाणारा अस्सल लसण्या याच खनिजाचा असतो. तेव्हा नाव परके असले, तरी रत्नाचे घराणे आपल्याला अनोळखी नाही.

रंग बदलणाऱ्याला आपण सरडा म्हणतो आणि त्यात निंदा असते. हे रत्नही तसेच दुटप्पी मानावे काय? उत्तर देण्याआधी रंग का बदलतो, हे समजून घेतले पाहिजे. क्रायसोबेरिल हे बेरिलियम, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे संयुग. त्यातील अ‍ॅल्युमिनियमच्या काही अणूंची जागा क्रोमियमने घेतली की अलेक्झांड्राइट तयार होते. हे क्रोमियम प्रकाशातील पिवळा भाग गिळून टाकते. हिरवा-निळा आणि तांबडा असे दोन भाग मात्र पार जाऊ देते. सूर्यप्रकाशात निळ्या-हिरव्याचा अंश विपुल असतो आणि आपला डोळाही हिरव्याला अधिक संवेदनशील असतो, म्हणून रत्न हिरवे दिसते. समईच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीत तांबड्याचे प्राबल्य असते, म्हणून तेच रत्न तांबडे दिसते. म्हणजे बदलतो तो प्रकाश. रत्न जिथल्या तिथे असते. जे प्रकाशाने दिले, तेच ते आपल्या स्वभावधर्मानुसार परत देते.

सरड्याशी या रत्नाची तुलना टिकत नाही ती येथे. जो माणूस लेकरांशी मृदू, सावकाराशी करारी आणि मरणासन्न शेजाऱ्यापाशी मूक असतो, तो तीन माणसे नसतो. त्याची प्रकृती एकच असते. समोरची परिस्थिती तीन तऱ्हेचा प्रकाश टाकते. प्रकाश न बदलता रंग बदलणे, म्हणजे प्रसंग तोच असताना लाभाकडे पाहून बोलणे फिरवणे, हा दुटप्पीपणा. स्थिरता आणि एकरंगीपणा यांत आपण पुष्कळदा गल्लत करतो. जो कोणत्याही उजेडात तसाच दिसतो, तो स्थिर असेलच असे नाही. कदाचित त्याच्यातून प्रकाश आरपार जातच नसेल.

हे रत्न दुर्मीळ का, तेही पाहण्यासारखे आहे. बेरिलियम सापडते ते ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकांत, तर क्रोमियम पृथ्वीच्या खोल थरांतून आलेल्या काळसर खडकांत. या दोघांची गाठ क्वचित पडते. पडली तरी आसपास सिलिका फार असेल, तर अलेक्झांड्राइट न होता पाचू होतो. उरलच्या मूळ खाणींतून आता फारसे मिळत नाही. श्रीलंकेत मोठे खडे सापडले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातील 65.08 कॅरटचा पैलूदार खडा तिथलाच. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात हेमाटिटा येथे 1987 मध्ये उत्तम खड्यांचा साठा लागला. भारतात आंध्र प्रदेश, ओडिशा आणि केरळ येथे, तसेच छत्तीसगढच्या गरियाबंद जिल्ह्यातील सेंदमुडा येथे ते आढळते.

आमचे घाटनांदूर परळी ते लातूर रोड या लोहमार्गावरचे गाव. येथला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो नांगराच्या फाळाला गारगोट्या आणि अकीक देतो, अलेक्झांड्राइट देत नाही. हा अकीकही थोडा नव्हे: पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून अशा जातीचे खडे गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. आज प्रवाह उलटा आहे. राशीचे खडे कागदाच्या पुडीतून बाहेरगावाहून येतात आणि मराठवाड्यातली गरीब माणसे ते विकत घेतात.

पुडीतून आलेल्या खड्याचे तीन प्रकार संभवतात. पहिला अस्सल. दुसरा निव्वळ सोंग: व्हॅनेडियम मिसळून भट्टीत केलेला कृत्रिम कुरुंद, कृत्रिम स्पिनेल किंवा काच. फ्रान्सच्या ओग्युस्त व्हेर्न्युई यांनी 1902 मध्ये कृत्रिम माणकाची कृती जाहीर केली, तिच्याच वाटेने असे खडे विपुल निघाले आणि अलेक्झांड्राइट म्हणून जगभर विकले गेले. तेही रंग बदलतात. पण हिरव्याचे तांबडे होत नाहीत, करड्या निळ्याचे जांभळट होतात. भिंगाखाली त्यांच्यात वक्र रेषा दिसू शकतात. शिवाय ते फार निर्मळ असतात. भूगर्भातून आलेल्या रत्नात सहसा काहीतरी अडकलेले असते. अगदीच डाग नसलेला स्वस्त खडा पाहून जाणकार आधी सावध होतो. माणसांच्या पारखीतही ही खूण उपयोगी पडते.

तिसरा प्रकार विचाराला कठीण. 1970 च्या दशकापासून प्रयोगशाळेत खरेखुरे अलेक्झांड्राइट वाढवले जाते. तेच घटक, तीच स्फटिकरचना, तोच काठिण्यांक साडेआठ, तोच हिरव्या-तांबड्याचा खेळ. हे खोटे म्हणावे काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याच जातीचा प्रश्न हाताळला होता. ‘सुम्मा थिओलॉजिए’च्या दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या विभागात, 77 व्या प्रश्नात, खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार आहे. किमयागारांनी केलेले सोने विकावे का, असा तिथे मुद्दा येतो. त्या सोन्याच्या ठायी सोन्याची खरी प्रकृती नसेल, तर विक्री अन्यायाची, असे ते म्हणतात. खऱ्या सोन्याचे जे गुण, ते नकली सोन्यात येत नाहीत. पण किमयेने खरोखरीचे सोने निपजले, तर ते सोने म्हणून विकण्यात पाप नाही. ही कसोटी लावली, तर प्रयोगशाळेतील अलेक्झांड्राइट निर्दोष ठरते. खऱ्या रत्नाचे कार्यही ते करते, किंबहुना अधिक करते: लेझर यंत्रांत मानवनिर्मित अलेक्झांड्राइटच्या कांड्या वापरतात आणि त्वचेच्या दवाखान्यांतून ती यंत्रे प्रामाणिकपणे राबत असतात.

मग फसवणूक कोठे राहिली? ती दगडात नाही, शब्दांत आहे. पुष्कळदा तर शब्दांच्या अभावात आहे. गिऱ्हाईक केवळ हिरव्या-तांबड्याची किंमत देत नाही, दुर्मीळतेचीही देते. हा खडा कोट्यवधी वर्षे भूगर्भात घडला, या समजुतीवर त्याने पैसे मोजलेले असतात. ती समजूत खोटी आहे, हे ठाऊक असून विक्रेता गप्प राहिला, तर त्याचे मौन हेच असत्य होय. ज्या छुप्या उणिवेमुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल, ती विकणाऱ्याने सांगितलीच पाहिजे, हेही संत थॉमस त्याच प्रश्नात बजावतात. प्रयोगशाळेतला खडा ‘प्रयोगशाळेतला’ म्हणून, त्याच्या वाजवी भावाने विकला, तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पारख करू इच्छिणाऱ्याने आधी खिडकीशी आणि मग ज्योतीपाशी खडा पाहावा; आजच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत खरा खडाही पुरता तांबडा होत नाही. मात्र भट्टीतले सोंग आणि अस्सल रत्न यांत एवढ्याने भेद कळला, तरी भूगर्भातले आणि प्रयोगशाळेतले कोणते, हे उजेड सांगत नाही. त्यासाठी रत्नपरीक्षेची प्रयोगशाळा लागते, नाहीतर विकणाऱ्याची सचोटी. गरिबाच्या वाट्याला बहुधा दुसरीच येते, म्हणून तिचे मोल अधिक.

येथे आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. रत्नाचे मूळ विचारणे न्याय्य असेल, तर माणसाचे का नाही? इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1785 मध्ये एक भेद स्पष्ट केला: ज्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते, त्याला किंमत असते, ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. रत्नाला किंमत असते, आणि मूळ हा त्या किमतीचा घटक आहे. म्हणून ते विचारावे. माणसाला किंमत नाही. म्हणून त्याच्या मुळाने त्यात भर पडत नाही की घट होत नाही. म्हण आणि व्यवहार यांत विरोध नाही. विरोध उभा राहतो तो आपण दोन्ही गोष्टी उलट्या करतो तेव्हा.

आणि त्या आपण उलट्या करतो. खड्याची पुडी उघडताना त्याचे कूळ आपण विचारत नाही, श्रद्धेने बोटात घालतो. सोयरीक जुळवताना, भाड्याने खोली देताना, पंगतीला बसवताना मात्र माणसाचे कूळ बारकाईने विचारतो. आमच्या बीड जिल्ह्यातून दर हंगामाला ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे गाव सोडतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ अशी नोंद होते आणि त्यावर उचल ठरते. दोन जिवंत माणसे एका हत्याराच्या नावाने मोजली जातात, त्यांना भाव लावला जातो. त्याच उचलीतून कोणी साडेसाती टळावी म्हणून खडा घेतो, आणि तो खडा भट्टीतला निघतो. दगडाला प्रतिष्ठा आणि माणसाला किंमत, असा हा विपरीत सौदा आहे.

पवित्र शास्त्रात महायाजकाच्या ऊरपटावर बारा रत्ने जडवलेली आहेत आणि प्रत्येकावर इस्राएलच्या एकेका वंशाचे नाव कोरलेले आहे. तेथे रत्न श्रेष्ठ नाही, नाव श्रेष्ठ आहे. रत्न त्या नावाला मिरवण्यापुरते. पारख शिकायची ती या क्रमाने. दगड घेताना डोळे उघडे ठेवून मूळ विचारावे, विकताना न विचारताही सांगावे. आणि माणूस दारात आला, तर त्याचे नाव विचारून त्याला बसायला आसन द्यावे.