साखळीचे दुसरे टोक





पूर्वी वारीच्या वाटेवर सांज झाली की जवळच्या वस्तीवर जावे, 'रामकृष्णहरी' म्हणावे आणि ओसरीवर पथारी टाकावी, असा शिरस्ता होता. वस्तीवरचे कुत्रे दोन वेळा भुंके आणि घरधन्याचा आवाज आला की शेपूट हलवीत बाजूला होई. आता पुष्कळ वस्त्यांना लोखंडी फाटक आहे, फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी आहे आणि आत चाळीस-पन्नास किलो वजनाचे विलायती जनावर आहे. माळकऱ्यांची घरेही याला अपवाद राहिली नाहीत. म्हणून एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. सर्वांभूती भगवंत पाहण्याचे व्रत ज्याने घेतले, त्याने दुसऱ्याला धाक वाटावा म्हणून एखादे बलाढ्य जनावर दारात बांधावे काय? आणि बांधलेच, तर त्याच्या दातांनी जे घडेल त्याचा दोष कोणाच्या पदरी?

हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना पडला नाही. माझी फजिती झाली तेव्हा पडला. ती हकिकत आधी सांगतो.

सात-एक वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहाला गेलो होतो. मुक्काम एका बागायतदाराच्या वस्तीवर होता. माणूस कर्तबगार, पण तापट. विहिरीवरची मोटार एकदा चोरीला गेली, त्यात बांधावरून चुलतभावाशी वाद चाललेला, म्हणून त्यांनी रॉटवायलर जातीचे कुत्रे आणले होते. ही जात जर्मनीतल्या रॉटवाइल गावची. तिथले खाटीक गुरे हाकायला आणि गाड्या ओढायला ही कुत्री वापरत, पुढे पोलिसांनीही ती कामाला घेतली. नर खांद्यापाशी दोन फुटांहून उंच भरतो. माणसाच्या शब्दात राहून दिवसभर कष्ट करणारी ही जात. यजमानांनी मात्र त्या दोन वर्षांच्या कुत्र्याला दिवसभर हातभर साखळीवर बांधले होते. तो उग्र व्हावा म्हणून गडी त्याला गोणपाट दाखवून चिडवीत. पाहुणा आला की यजमान कौतुकाने सांगत, "महाराज, आपल्या माणसाशिवाय कोणाला उभं करत नाही." मीही हसून मान डोलावली. इतकेच नव्हे, तर रात्रीच्या कीर्तनात त्या राखणदाराचा दाखला देऊन लोकांना हसवले. ती माझी पहिली चूक.

तिसऱ्या रात्री मी धर्मराजाचे आख्यान लावले. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालयाची वाट चालतात. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडतात. धर्मराज एकटा उरतो आणि मागे एक कुत्रा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून दे म्हणतो. धर्मराज म्हणतो, माझ्या आश्रयाला आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको. मग त्या कुत्र्याच्या रूपाने आलेला यमधर्म प्रकट होतो. आख्यान रंगले. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी डोळे पुसले.

पाचव्या दिवशी सकाळी चुलतभावाचा दहा वर्षांचा मुलगा काकड्याला आणलेली टाळांची जोडी परत द्यायला वस्तीवर आला. साखळीचा आकडा जुना झाला होता. तो निसटला आणि कुत्र्याने मुलाचा दंड धरला. गडी धावले म्हणून मूल वाचले, पण दंड फाटला. यजमानांच्या वृद्ध आईने आरडाओरडा केला नाही. तिने मुलाला नळाखाली धरले आणि वाहत्या पाण्यात साबणाने जखम चांगली पंधरा मिनिटे धुतली. वारकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कोणतेही कुत्रे चावले तरी हळद-चुना न भरता आधी हेच करावे आणि तडक दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. पुढे टाके पडले, सुया झाल्या, पोर बरे झाले.

यजमान माझ्यासमोर येऊन बसले. हात थरथरत होते. म्हणाले, "महाराज, आत्ताच्या आत्ता याला गोळी घालतो." मी म्हणालो, "हत्या नको. गाडीत घालून लांब घाटात नेऊन सोडा." बोलून झाल्यावर मला आपण मोठी दया दाखवली असे वाटले. तेवढ्यात त्या माउली आतून म्हणाल्या, "महाराज, परवा तुम्हीच धर्मराजाचं सांगितलंत. इंद्राचा रथ दारात आला तरी कुत्र्याला टाकून पाऊल उचललं नाही म्हणालात. आणि आमच्यावर वेळ आली की घाटात सोडायचं होय?"

सज्जनहो, चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो, पण त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. घाटात सोडलेले ते कुत्रे एक तर भुकेने मेले असते, नाही तर दुसऱ्या कोणाचे लेकरू फाडले असते. माझ्या दयेचा अर्थ इतकाच होता की पाप आपल्या डोळ्यांआड घडावे. पाळलेले जनावर असे टाकून देणे हा 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे तर मला पुढे कळले.

आता कोणी म्हणेल, धर्मराजाच्या कुत्र्याने कोणाला चावले नव्हते. हा आक्षेप खरा आहे. नामदेवराय ज्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, तोही भुकेलेला गरीब जीव होता. तिथे दया करणे सोपे. जे जनावर माणूस फाडू शकते, त्याच्या बाबतीत दया कशी करायची? गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंत ज्ञात्याची समदृष्टी सांगताना ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्या ओळीत कुत्र्यालाही बसवतात. पण सम पाहावे म्हणजे सगळ्यांशी एकसारखे वागावे असे नव्हे. अद्वैत भावात ठेवायचे असते, व्यवहारात विवेक सोडायचा नसतो, हे आपल्या परंपरेने पूर्वीच सांगितले आहे. हत्तीत देव आहे म्हणून कोणी मस्तवाल हत्तीपुढे जाऊन उभे राहत नाही. तेव्हा त्या मुलातही देव आणि कुत्र्यातही देव, हे कबूल करून दोघांचे रक्षण होईल असे वागणे हा धर्म. मुलाचे रक्षण आधी, कारण ते निरपराध होते. पण कुत्राही अपराधी नव्हता. त्याला जे शिकवले तेच त्याने केले होते.

हे मला नीट समजावले ते एका धनगर बाबांनी. त्याच वस्तीच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला ते आले होते. दोन कुत्री त्यांच्या वाघरीबाहेर पडलेली असत. तुकोबारायांच्या पालखीपुढे काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, ते तुम्ही पाहिले असेल. त्या मेंढ्या रात्री लांडग्यापासून राखतात ती ही कुत्री. मी बाबांना विचारले, "तुमची कुत्री लांडग्याच्या अंगावर जातात, मग माणसाला कशी चावत नाहीत?" ते म्हणाले, "म्हाराज, आमचं पिल्लू कोकरांत वाढतंय, पोरांत वाढतंय. कुणाला राखायचं ते त्याला आधी कळतंय, कुणाला धरायचं ते मागनं. अन् रागानं आम्ही त्याला हात लावत न्हाई. भ्यालेलं कुत्रंच चावतंय. तुमच्या मालकाची हाकच रागाची हाय. कुत्र्याला शब्द कळत न्हाईत, राग कळतोय."

किती खरे बोलले! जाणकारही हेच सांगतात की पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत ज्या माणसांत, आवाजांत वावरते, त्यांना ते आपले मानायला शिकते. यजमानांच्या कुत्र्याने त्या वयात पत्र्याची शेड आणि साखळी पाहिली होती.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचे लक्षण फार विस्ताराने सांगितले आहे. अहिंसा आधी मनात रुजते आणि मग वाणी, दृष्टी, हात, पाय यांतून बाहेर दिसते, असा त्याचा भाव. हिंसेचेही तसेच आहे. ती मनात असली की हातापर्यंत येते आणि हातात साखळी असली तर साखळीतून पुढे जाते. बलवान कुत्रा हा धन्याच्या हाताचाच लांबवलेला भाग समजावा. आपल्याला वाटते साखळीने कुत्रा बांधला आहे. पण तिच्या दुसऱ्या टोकाला आपले मन बांधलेले असते, ते आपण पाहत नाही.

तीन गुणांच्या कसोटीवर हे पाहा. तामस माणूस भयापोटी असे जनावर आणतो आणि त्यालाही भयातच वाढवतो. राजस माणूस शान म्हणून आणतो. लोक फाटकापाशी दबकले की त्याला समाधान होते. तिसरा दिसायला सात्त्विक असतो, पण तो खरा मोहात असतो. तो कुत्र्याला लेकरू म्हणतो, गादीवर घेतो, कशालाच 'नाही' म्हणत नाही. मग ते पन्नास किलोचे लेकरू एके दिवशी पाहुण्यावर गुरगुरते आणि याला आवरता येत नाही. रागाने जसे जनावर बिघडते तसे दुबळ्या लाडानेही बिघडते. गीतेच्या अठराव्या अध्यायात जिला सात्त्विक धृती म्हटले आहे, मन, प्राण, इंद्रिये यांना धरून ठेवणारे धैर्य, ते धन्याजवळ हवे. तो ओरडत नाही, पण एकदा दिलेला शब्द बदलतही नाही. रोज त्याच वेळी खाऊ घालतो, फिरवतो, बसवतो, उठवतो. आपल्या संप्रदायात याला नेम म्हणतात. नेम ज्याला जमत नाही, त्याने असे जनावर पाळण्याच्या फंदात पडू नये.

सरकारपुढेही हा प्रश्न आला होता. मार्च 2024 मध्ये केंद्राने राज्यांना पत्र लिहून रॉटवायलरसह 23 जातींच्या कुत्र्यांची विक्री आणि पैदास रोखायला सांगितले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता काढलेले ते पत्र उच्च न्यायालयात टिकले नाही. जातीचा विचार अगदीच खोटा नाही. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याची चूक लहान कुत्र्याच्या चुकीहून महाग पडते. पण म्हणूनच धन्याची जबाबदारी वाढते. आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजी राहणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये शिक्षा सांगितली आहे, ती माणसाला आहे. कुत्र्याला त्यात आरोपी केलेले नाही.

मग त्या वस्तीवर काय झाले? यजमान त्याच संध्याकाळी आईला घेऊन चुलतभावाच्या दारी गेले. दवाखान्याचा खर्च त्यांनी उचलला. पण खर्च देणे सोपे होते, मान खाली घालणे अवघड होते. पशुवैद्यांनी कुत्र्याची नीट तपासणी केली. जनावर आवरण्यापलीकडे गेले असते तर त्यांचा कठोर निर्णयही मानावा लागला असता. तशी वेळ आली नाही. हातभर साखळी गेली. पुरुषभर उंच भिंतीचे अंगण बांधले, दाराला दोन कड्या बसवल्या. बाहेर काढताना तोंडाला मुसके आणि पट्टा यजमानांच्या स्वतःच्या हातात, असा नियम झाला. पशुवैद्यांनी आणखी एक अट घातली होती की रागात असताना त्याच्याजवळ जायचे नाही. यजमान मला नंतर म्हणाले, "महाराज, पहिले काही दिवस मला त्याच्याजवळ जाताच येईना. दिवसात मी इतका वेळ रागात असतो, हे मला माहीतच नव्हतं."

हे ऐकून मी घरी आलो आणि माझ्या साथीदारांचे चेहरे आठवले. चाल चुकली म्हणून भर कीर्तनात मी एका तरुण टाळकऱ्यावर डाफरलो होतो. तो पुन्हा आला नाही. माझ्या दारात कुत्रा नव्हता एवढाच काय तो फरक.

गेल्या वर्षी ते कुत्रे म्हातारपणाने गेले. शेवटपर्यंत त्याने पुन्हा कोणाला धरले नाही. भाऊबंदकीतला बांधाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. तो मुलगा आता कॉलेजात जाईल, पण त्या अंगणाच्या बाजूने अजून चालत नाही. दंडावरचा व्रण राहिला आहे. नंतर सुधारलेल्या वागण्याने आधीची जखम पुसली जात नाही, हेही आपण मानले पाहिजे.

सज्जनहो, राखणीसाठी जनावर पाळू नये असे मी म्हणत नाही. शेतकऱ्याला, मेंढपाळाला त्याची गरज असते. पण आणण्याआधी स्वतःला विचारा की हे कोणाला राखण्यासाठी आहे आणि कोणाला भिववण्यासाठी. रोजचा नेम मला जमेल का? माझा राग माझ्या शब्दात राहतो का? आणि वाटेवरच्या वारकऱ्यांनीही फाटकाबाहेरूनच हाक द्यावी, अनोळखी कुत्र्याला हात लावू नये.

तुकोबारायांनी स्वतःला देवाच्या दारचा कुत्रा म्हणवून घेतले. आपल्या गळ्यातली तुळशीची माळ हाही त्या धन्याचा पट्टाच आहे. तो धनी आपल्याला चिडवत नाही, उपाशी ठेवत नाही आणि आपण कितीही वेळा चावलो तरी घाटात नेऊन सोडत नाही. आपल्या हातात जेव्हा एखाद्या जिवाचा पट्टा येईल, तेव्हा आपल्या गळ्यातल्या पट्ट्याची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.

रामकृष्णहरी.